गुन्हा छापायचा, पण त्याचं नाव घ्यायचं नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे: "व्हिक्टोरियन काळातली 'इलस्ट्रेटेड पोलीस न्यूज'सारखी गुन्हेपत्रं समलैंगिकतेच्या बातम्या कशा देत होती? मी डिजिटल संग्रहात 'होमोसेक्शुअल' शब्द टाकून शोधलं, तर एकही बातमी मिळाली नाही. म्हणजे ही पत्रं असल्या बातम्या दडपत होती का?"

दडपत नव्हती. तुमचा शोधशब्द चुकला. 'होमोसेक्शुअल' हा शब्द पहिल्यांदा छापला गेला तो 1869 मध्ये, एका जर्मन पत्रकात. इंग्रजीत तो यायला 1890 चं दशक उजाडलं, तेही डॉक्टरांच्या पुस्तकांतून. लंडनच्या पोलीस कोर्टात बसणाऱ्या बातमीदाराने तो ऐकलेलाच नव्हता. त्याच्याकडे दुसरे शब्द होते, आणि शब्द नसतील तिथे रेघा होत्या. त्या रेघा वाचता आल्या की बातम्यांचा ढीग लागतो.

मी स्वतः पंचवीसेक वर्षं कोर्ट आणि पोलीस बीट केली, मग जुन्या वृत्तपत्रांच्या नादी लागलो. त्यामुळे हे उत्तर इतिहासाच्या प्राध्यापकाचं नाही, कॉपी लिहिणाऱ्या माणसाचं आहे. बीटवर नवीन असताना 377 कलमाच्या (दंडसंहितेतलं समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम) एका खटल्याची बातमी मी सरळ भाषेत लिहून दिली होती. चीफ सबने, म्हणजे मुख्य उपसंपादकाने, दोन परिच्छेद उडवले आणि त्या जागी दोन शब्द घातले: 'अनैसर्गिक कृत्य'. मी विचारलं, "साहेब, वाचकाला कळणार काय?" ते म्हणाले, "ज्याला कळायचं त्याला कळतं." कितीतरी वर्षांनी लंडनची 1830-40 मधली पानं मायक्रोफिल्मवर वाचताना तेच दोन शब्द इंग्रजीत समोर आले, तेव्हा कळलं की आमच्या चीफ सबची पेन्सिल किती जुनी होती.

तुमच्या प्रश्नातच एक गफलत आहे, ती आधी काढतो. 'इलस्ट्रेटेड पोलीस न्यूज' निघालं 1864 मध्ये, म्हणजे या कथेत ते बरंच उशिरा येतं. त्याआधी जवळपास दोनशे वर्षं लंडनमध्ये गुन्ह्यांचं छापील वाङ्मय जोरात खपत होतं. त्यात सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे ओल्ड बेली कोर्टाच्या खटल्यांचे छापील वृत्तांत, 1674 पासूनचे. आणि गंमत अशी, की हे जुने वृत्तांत नंतरच्या वृत्तपत्रांपेक्षा कितीतरी मोकळे आहेत.

1726 चं उदाहरण घ्या. फेब्रुवारीत हॉबर्नमधल्या मार्गारेट क्लॅप नावाच्या बाईच्या घरावर धाड पडली. अशा घरांना 'मॉली हाउस' म्हणत. पुरुष तिथे जमत, पीत, नाचत, एकमेकांना बायकांच्या नावांनी हाका मारत. चाळीसएक जण धरले गेले आणि 9 मे रोजी टायबर्नला तिघांना फाशी झाली: गॅब्रिएल लॉरेन्स, विल्यम ग्रिफिन, थॉमस राइट. त्या खटल्यांचा छापील वृत्तांत आज वाचला तरी दचकायला होतं. कोण कोणाच्या मांडीवर बसलं होतं, काय बोललं, कसं लाजून दाखवलं, खबऱ्याने आत जाऊन काय पाहिलं, सगळं संवादांसकट. वाचकाने नाक मुरडायचं आणि पान उलटायचं नाही, असा तो बेत होता.

पुढे, अठराव्या शतकाच्या अखेरीला, हा नळ बंद झाला. शहराच्या कारभाऱ्यांना वाटू लागलं की असले वृत्तांत सभ्य घरांत जाऊ नयेत. मग ओल्ड बेलीच्या त्याच छापील वह्यांत आरोपीचं नाव, वय, शिक्षा एवढंच उरलं. मध्ये कोरं. कुठे गुन्ह्याच्या शब्दाचं पहिलं अक्षर, मग लांब रेघ, मग शेवटचं अक्षर. माणसाला फासावर चढवायला जो शब्द आरोपपत्रात चालत होता, तो छापखान्यात चालत नव्हता.

या मौनाला कायद्याचंच पाठबळ होतं. ब्लॅकस्टोनच्या ज्या कायदेग्रंथावर इंग्लंडचे वकील पोसले गेले, त्यात या गुन्ह्याचा उल्लेख लॅटिन सूत्राने येतो. सूत्राचा अर्थ, ख्रिस्ती लोकांत ज्याचं नावही घेऊ नये असा गुन्हा. बातमीदाराने ते सूत्र उचललं आणि त्याचं बाजारी नाणं पाडलं: 'अनामिक गुन्हा', 'अनैसर्गिक गुन्हा', 'घृणास्पद गुन्हा', 'एक विशिष्ट आरोप'. त्यातही सर्वांत लाडकं वाक्य म्हणजे 'पुरावा प्रसिद्धीयोग्य नाही'. तुम्ही शोधायला बसाल तेव्हा 'प्रसिद्धीयोग्य नाही' या अर्थाचा इंग्रजी शब्दप्रयोग टाका. माझ्या अनुभवात सगळ्यांत जास्त मासे त्याच जाळ्यात येतात. मात्र प्रत्येक मासा आपला नसतो. बलात्काराच्या आणि लहान मुलांवरच्या अत्याचाराच्या बातम्यांनाही हेच झाकण लावत, त्यामुळे एकेक बातमी उघडून पाहावीच लागते.

पण ही पत्रं 'मौन' पाळत होती असं म्हणणं अर्धसत्य आहे. ती एकाच गोष्टीबद्दल गप्प होती, ती म्हणजे कृत्याबद्दल. बाकी सगळ्याबद्दल त्यांच्या तोंडाला खळ नव्हता. याचा नमुना म्हणजे 1810 चं व्हिअर स्ट्रीट प्रकरण.

8 जुलै 1810 च्या रात्री बो स्ट्रीटच्या पोलिसांनी क्लेअर मार्केटजवळच्या व्हिअर स्ट्रीटवरच्या 'व्हाइट स्वान' या दारूच्या गुत्त्यावर धाड टाकली. वीस-पंचवीस जण पकडले. शेवटी आठ जणांवर गुन्हा शाबीत झाला आणि त्यांतल्या सहांना 27 सप्टेंबरला हेमार्केटमध्ये खोड्यात उभं केलं. खोडा म्हणजे मान आणि मनगटं अडकवायची लाकडी चौकट. माणूस त्यात तासभर उभा आणि समोर गर्दी मोकळी. त्या दिवसाची वर्णनं वृत्तपत्रांनी अशी दिली आहेत की आजचा एखादा युद्धवार्ताहर मागे पडावा. लडगेट हिलपासून हेमार्केटपर्यंत दुकानं बंद, छपरांवर माणसं. उघड्या गाडीतून कैदी आणताना वाटेतच चिखल आणि दगडांचा असा मारा झाला की ठिकाणी पोचेपर्यंत चेहरे ओळखू येईनात. खोड्याभोवती पन्नासेक बायकांना कडं करून उभं राहायला जागा करून दिलेली. आणि त्यांना पुरवठा काय, तर मेलेल्या मांजरी, नासकी अंडी, बटाटे, खाटीक लोकांनी बादल्या भरून आणलेलं रक्त आणि आतडी.

बघा, मांजरी मोजल्या, बादल्या मोजल्या, बायका मोजल्या. त्या सहा जणांनी नेमकं काय केलं होतं, हे मात्र वाचकाने समजून घ्यायचं. वर्णनाची सगळी हौस शिक्षेवर भागवून घेतलेली आहे. गुन्ह्याचं वर्णन केलं तर अश्लील ठरतं, शिक्षेचं केलं तर नीतीचा धडा ठरतो. बीटवरच्या माणसाला हे गणित लगेच समजतं.

त्याच प्रकरणाच्या ओघात थॉमस व्हाइट नावाच्या सोळा वर्षांच्या ड्रमवादक पोराला आणि जॉन हेपबर्न या लष्करी अधिकाऱ्याला 7 मार्च 1811 रोजी न्यूगेट तुरुंगाबाहेर फाशी दिली. या फाशीवरचा मजकूर व्हिअर स्ट्रीटच्या तमाशापुढे कितीतरी कमी आहे.

आता यातली दुसरी गाठ: वर्ग. 19 जुलै 1822 रोजी हेमार्केटलगतच्या 'व्हाइट लायन' या गुत्त्याच्या मागच्या खोलीत आयर्लंडमधल्या क्लॉगरचा बिशप पर्सी जोसलिन एका सैनिकाबरोबर पकडला गेला. बिशप आणि वर उमरावाचा मुलगा. त्याला जामीन मिळाला आणि तो पसार झाला. पुढे स्कॉटलंडमध्ये नाव बदलून राहिला आणि 1843 मध्ये मेला. पण खरी बातमी त्याच्याही मागे अकरा वर्षं आहे. 1811 मध्ये जेम्स बर्न नावाच्या कोचमनने याच जोसलिनवर हाच आरोप केला होता. तेव्हा बदनामीचा खटला उलट कोचमनवरच झाला. त्याला दोन वर्षं तुरुंग आणि जाहीर फटके मिळाले. बिशप सापडल्यावर वृत्तपत्रांना ते प्रकरण आठवलं आणि कोचमनसाठी वर्गणी गोळा झाली. बिशपाच्या कृत्यासाठी रेघा आणि टिंबं, कोचमनच्या पाठीवरच्या वळांसाठी मात्र रकानेच्या रकाने. त्या वेळच्या जहाल पत्रांना तो विषय नीतीचा नव्हताच. चर्च आणि सरदारवर्ग यांना चोपायला हाती आलेली ती काठी होती. हे लक्षात ठेवा, कारण नंतरच्या प्रत्येक मोठ्या प्रकरणात ही काठी पुन्हा बाहेर येते.

गरिबाच्या वाट्याला काय येतं ते 1835 मध्ये दिसतं. जेम्स प्रॅट आणि जॉन स्मिथ. दोघेही साधे कामकरी, प्रॅटला बायको आणि मुलं. साउथवर्कमध्ये विल्यम बोनिल नावाच्या म्हाताऱ्याच्या भाड्याच्या खोलीत 29 ऑगस्टला ते भेटले. घरमालक किल्लीच्या भोकाला डोळा लावून बसला होता. 27 नोव्हेंबरला दोघांना न्यूगेटबाहेर फाशी झाली आणि बोनिलची ऑस्ट्रेलियाला रवानगी झाली. या गुन्ह्यासाठी इंग्लंडमध्ये झालेली ही शेवटची फाशी, पण तेव्हा ते कोणाला ठाऊक असणार. त्या सत्रात देहदंड झालेल्या बाकी सगळ्यांची शिक्षा कमी झाली, या दोघांचीच राहिली. वृत्तपत्रांत काय आलं? दोघे कसे उभे होते, गर्दीने हुर्यो कशी केली, प्रॅट किती गळून गेला होता. ज्या मॅजिस्ट्रेटने त्यांना खटल्यासाठी पाठवलं, त्या हेन्स्ले वेजवुडनेच गृहमंत्र्याला पत्र लिहून दयेची विनंती केली होती. त्याचं म्हणणं असं की हा कायदा श्रीमंताला एक आणि गरिबाला एक असा चालतो, कारण थोडे पैसे असले की माणसाला बंद दार मिळतं. किल्लीचं भोक गरिबाच्याच दाराला असतं, एवढाच त्याचा मथितार्थ. बातमी होती ती ही. पण ती सरकारी फायलीत राहिली आणि वाचकांपुढे आले फक्त दोन देह.

पुढे कादंबरीकार म्हणून गाजलेला तरुण चार्ल्स डिकन्स त्याच सुमारास न्यूगेट पाहायला गेला होता आणि हे दोघे त्याला दिसले. तिसरा एक कैदीही त्याच कोठडीत होता. त्याला माफी मिळायची आशा होती. या दोघांना नव्हती, आणि पहारेकऱ्याने तसं कुजबुजत सांगितलं. डिकन्सने ते लिहिलं, पण त्यांचा गुन्हा कोणता ते त्यानेही लिहिलं नाही.

इथे पैशाची बाजू सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. 1815 पासून इंग्लंडमध्ये वृत्तपत्राच्या प्रत्येक अंकावर चार पेन्सचा मुद्रांक होता. 1836 मध्ये तो एका पेनीवर आला, 1855 मध्ये गेलाच. 1861 मध्ये कागदावरचा करही उठला. म्हणजे जे वृत्तपत्र पूर्वी दुकानदार आणि वकील घेत, ते आता हमालाच्या आणि मोलकरणीच्या खिशाला परवडू लागलं. बातम्या आणणारे बहुतेक ओळीवर पैसे घेणारे होते, आपल्याकडच्या भाषेत स्ट्रिंगर. ओळीमागे दीड पेनी असा भाव असला की माणूस लांब का लिहितो हे सांगायला नको. त्याने कृत्य लिहिलं तर संपादक कापणार. मग तो कपडे लिहितो, केस लिहितो, गर्दी लिहितो. 1861 मध्येच या गुन्ह्याची फाशी रद्द होऊन दहा वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत कैद आली. गुन्हा थोडा सौम्य झाला आणि वृत्तपत्र स्वस्त झालं, हे दोन्ही एकदमच घडलं.

आणि मग येतं 1870, बोल्टन आणि पार्क. माझ्या मते हा सगळा प्रश्न या एका खटल्यात सापडतो, म्हणून इथे जरा थांबतो.

28 एप्रिल 1870, गुरुवार. लंडनच्या स्ट्रँड थिएटरबाहेर अर्नेस्ट बोल्टन (वय 22) आणि फ्रेडरिक पार्क (वय 23) यांना पोलिसांनी पकडलं. दोघेही बायकांच्या पोशाखात. मित्रमंडळात त्यांची नावं स्टेला आणि फॅनी. चांगल्या घरांतले होते. पार्कचे वडील तर न्यायाधिकारी. रात्र कोठडीत गेली आणि सकाळी बो स्ट्रीट कोर्टात मॅजिस्ट्रेट फ्लॉवर्ससमोर त्यांना त्याच कपड्यांत उभं केलं. आता बातमीदार काय लिहितो पाहा. बोल्टन: चेरी रंगाचा रेशमी झगा, पांढऱ्या लेसची किनार, दंड उघडे, हातात कंकणं, डोक्यावर विग आणि अंबाडा. पार्क: गडद हिरवा सॅटिनचा झगा, गळा खोल, काळी लेस, खांद्यावर त्याच लेसची शाल, पिवळट कुरळे केस, हातात पांढरे चामडी मोजे. लग्नाच्या वृत्तांतात नवरीच्या शालूचं वर्णन यावं तसं. एखाद्या शिवणारणीने हे वाचून तसाच झगा बेतला असता.

सगळ्यांत गाजला तो मुद्दा थिएटरमधल्या बायकांच्या कपडे-खोलीचा. पार्क त्या खोलीत गेला आणि झग्याच्या चुण्या सुटल्या म्हणून तिथल्या बाईकडून टाचण्या लावून घेतल्या. हा तपशील पत्रांनी पुन्हा पुन्हा चघळला, जणू खरा गुन्हा हाच. एका अर्थी तो होताही. वाचकाच्या घरातल्या बायकांना ज्या खोलीत सुरक्षित वाटायचं तिथे पुरुष शिरला, एवढं सांगितलं की आरोपाचं नाव घ्यावंच लागत नाही.

'इलस्ट्रेटेड पोलीस न्यूज' इथे फॉर्मात आलं. एक पेनीचं शनिवारचं साप्ताहिक. पहिलं पान संपूर्ण लाकडी ठशांच्या चित्रांचं. खून, आत्महत्या, सर्कशीतल्या वाघाने मालकाला फाडलं, असला माल. नावात पोलीस असला तरी पोलिसांशी त्याचा काही संबंध नव्हता. (सरकारचं 'पोलीस गॅझेट' वेगळं, त्यात फरारी आरोपींची वर्णनं येत. शोधताना दोन्हींची गल्लत करू नका.) 1886 मध्ये 'पॉल मॉल गॅझेट'च्या वाचकांनी या पत्राला इंग्लंडमधलं सर्वांत वाईट वृत्तपत्र ठरवलं, आणि मालक जॉर्ज पर्केसने मुलाखत देऊन त्याचं समर्थन केलं. या पत्राची खुबी अशी की जिथे शब्द थांबत तिथे चित्र सुरू होई. 'अनैसर्गिक' शब्दाचं चित्र काढता येत नाही. झग्यातल्या तरुणाचं काढता येतं, त्याच्याकडे वळून पाहणाऱ्या शिपायाचं काढता येतं. म्हणून पुरुषांच्या आपसातल्या संबंधांचं या पत्रात जे काही आलं त्यात बायकी वेशातल्या पुरुषांचा भरणा फार मोठा आहे. साध्या कोटातला, साध्या चेहऱ्याचा माणूस त्यांच्या चित्रकाराला उपयोगाचा नव्हता. आपल्या मनात आजही 'असा माणूस म्हणजे बायकी माणूस' ही जी सांगड आहे, तिला या पहिल्या पानांनी बरंच खतपाणी घातलं, असं माझं मत आहे. कोणी वाद घालू शकतो.

भाषेच्या दृष्टीनेही हा खटला घबाड आहे. 29 मे 1870 च्या 'रेनॉल्ड्स न्यूजपेपर'मध्ये एका पार्टीच्या आमंत्रणाचा उल्लेख आहे: आम्ही 'ड्रॅग'मध्ये येऊ. म्हणजे बायकांच्या पोशाखात. आज जगभर बोलला जाणारा हा शब्द छापील स्वरूपात सर्वांत आधी जिथे दिसतो त्या जागांपैकी ही एक. ज्या समाजाची भाषा कोणी टिपून ठेवली नाही, ती पोलीस-कोर्टाच्या बातमीदाराने नकळत टिपून ठेवली. त्याला ती किळसवाणी वाटली म्हणून असेल, पण टिपली.

खटला उभा राहिला मे 1871 मध्ये, वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये, लॉर्ड चीफ जस्टिस कॉकबर्न यांच्यासमोर. त्याआधी पोलीस सर्जनने मॅजिस्ट्रेटच्या हुकमाशिवाय दोघांची शारीरिक तपासणी केली होती. कॉकबर्न यांनी त्यावरून आणि पोलिसांच्या एकूण वागण्यावरून ताशेरे मारले. यातलाच माजी खासदार लॉर्ड आर्थर क्लिंटन खटल्याआधीच, जून 1870 मध्ये मरण पावला होता. ज्युरीने 53 मिनिटांत निर्दोष ठरवलं. कोर्टात टाळ्या पडल्या, बोल्टन बेशुद्ध पडला.

बायकांचं काय, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण विचारायला हवं होतं. बायका-बायकांमधल्या संबंधांविरुद्ध इंग्लंडमध्ये कायदाच नव्हता, म्हणून त्या पोलीस-पानावर वेगळ्या दाराने येतात: 'फीमेल हजबंड', म्हणजे स्त्री-नवरा. जानेवारी 1829 मध्ये जेम्स ॲलन नावाचा कामगार डोक्यावर लाकूड पडून मेला. सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये प्रेत उघडल्यावर कळलं की देह स्त्रीचा आहे. घरी एकवीस वर्षं संसार केलेली बायको. कॉरोनरपुढे चौकशी झाली आणि सगळ्या पत्रांनी ती छापली. गंमत म्हणजे सूर तुच्छतेचा नाही, कुतूहलाचा आहे. ॲलन चांगला कामगार होता, दारू पीत नव्हता वगैरे. 'तो' लिहावं की 'ती' यावर बातमीदार अडखळतो. पुरुषाने झगा घातला तर अधःपात, बाईने पाटलोण घालून वीस वर्षं घाम गाळला तर नवल. हे का, यावर स्वतंत्र लिहावं लागेल.

पुढचा भाग जास्त माहितीचा आहे म्हणून झरझर सांगतो. 1885 मध्ये 'पॉल मॉल गॅझेट'चा संपादक स्टेड याने अल्पवयीन मुलींच्या खरेदी-विक्रीवर मालिका छापली. त्या गदारोळात नवा कायदा झाला, आणि त्यात ऐन वेळी हेन्री लाबूशेअर या खासदाराने अकरावं कलम घुसवलं: दोन पुरुषांमधलं 'घोर असभ्य वर्तन', दोन वर्षांपर्यंत कैद. व्याख्या नाही. लाबूशेअर स्वतः 'ट्रुथ' या पत्राचा मालक-संपादक. म्हणजे वृत्तपत्रवाल्यांची शंभर वर्षांची मोघम भाषा आता कायद्यात जाऊन बसली.

चार वर्षांनी, 1889 मध्ये, 19 क्लीव्हलँड स्ट्रीटवरचं घर उघडकीला आलं. तार खात्याच्या एका पोऱ्याकडे पगाराच्या मानाने जास्त पैसे सापडले, त्यावरून धागा निघाला. पोरांना पुरवणाऱ्या दोघांना काही महिन्यांची शिक्षा झाली. घराचा चालक आणि गिऱ्हाइकं निसटली. 'नॉर्थ लंडन प्रेस'चा तरुण संपादक अर्नेस्ट पार्क (बोल्टनच्या जोडीदार पार्कशी याचा संबंध नाही) याने नोव्हेंबरात थेट नावं छापली: लॉर्ड आर्थर सॉमरसेट आणि अर्ल ऑफ यूस्टन. यूस्टनने बदनामीचा दावा लावला. कोर्टात त्याने सांगितलं की रस्त्यात कोणीतरी कार्ड दिलं, नग्न स्त्रियांचे देखावे असतात असं समजून आत गेलो, काय आहे ते कळताच संतापून बाहेर पडलो. जानेवारी 1890 मध्ये पार्कला एक वर्षाची शिक्षा झाली. या सगळ्या प्रकरणात सर्वांत मोठी शिक्षा भोगली ती बातमी देणाऱ्याने. कोचमन बर्नची आठवण होते ना?

1895 च्या लेखक ऑस्कर वाइल्डच्या खटल्यात तर कमालच झाली. जगातल्या वृत्तपत्रांनी रकाने भरले, 'सेंट जेम्सेस गॅझेट'ने आपण तपशील छापत नाही याचीच फुशारकी मारली, आणि 'इलस्ट्रेटेड पोलीस न्यूज'ने 4 मेच्या अंकात पहिल्या पानावर वाइल्डला आरोपीच्या पिंजऱ्यात दाखवून शेजारी त्याच्या घरच्या सामानाच्या लिलावाचं चित्र छापलं. खुर्च्या-टेबलांना भाव पुकारला जातोय. आरोप काय होता, हे मात्र कित्येक पत्रांत शेवटपर्यंत उमटलं नाही. वाइल्डवरचा आरोप न वाचताही प्रत्येकाला कळला होता, यातच त्या भाषेचं यश आहे. स्टेडने तेव्हा टोला हाणला होता: असल्या सगळ्यांना आत टाकायचं तर बड्या बड्या पब्लिक स्कुलांतून तुरुंगांकडे रांग लागेल.

अमेरिकेचा उल्लेख एवढ्यासाठी की तिथला सूर वेगळा आहे. न्यूयॉर्कच्या 'द व्हिप'सारख्या चव्हाटा-पत्रांनी 1842 मध्येच आडपडदा न ठेवता अशा लोकांवर मोहीम चालवली, धमक्या देत. 'नॅशनल पोलीस गॅझेट' 1845 मध्ये निघालं. पण तो माझा अभ्यासाचा विषय नाही.

आपल्याशी याचा संबंध काय? थेट आहे. 1837 मध्ये भारतीय दंडसंहितेचा मसुदा करताना मेकॉलेने या गुन्ह्यांवर टीप लिहिली, तीही अशी की या विषयावर जितकं कमी बोललं जाईल तितकं बरं. ज्या कलमाने पुढे दीडशे वर्षं माणसं पकडायची, त्यावर चर्चाच नको. 1860 मध्ये संहिता मंजूर झाली, 1862 मध्ये लागू झाली आणि 377 वर मथळा आला 'अनैसर्गिक गुन्हे'. 1884 मध्ये मुरादाबादच्या खैरातीचा खटला अलाहाबाद उच्च न्यायालयात गेला. बायकांच्या कपड्यांत बायकांबरोबर गात होता म्हणून धरलं, वैद्यकीय तपासणी केली, खाली शिक्षाही ठोठावली. गुन्हा कुठे, कधी, कोणाबरोबर, काही नाही, म्हणून वर तो सुटला. बोल्टन-पार्कनंतर तेराच वर्षांनी पोलिसांनी तोच कित्ता गिरवला होता, फक्त इथे चेरी रंगाच्या रेशमाचं वर्णन करायला कोणी बातमीदार नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 रोजी सज्ञान व्यक्तींच्या संमतीचे संबंध 377 मधून वगळले. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलमच नाही. मराठी दैनिकांच्या क्राइम पानावर 'अनैसर्गिक कृत्य' मात्र अजून टिकून आहे.

आता शोधण्याबद्दल. 'गे' शब्द टाकू नका, त्या काळात तो वेश्याव्यवसायाशी जोडलेला होता आणि आनंदी माणसांशीही. रेघांनी तोडलेले शब्द संगणकाला वाचता येत नाहीत, म्हणून शब्दापेक्षा तारीख धरा. ओल्ड बेलीचे वृत्तांत ऑनलाइन मोफत आहेत. त्यांतून खटल्याची तारीख घ्या आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीची व पुढच्या रविवारची पत्रं डोळ्यांनी चाळा. 'गुन्ह्याचा आरोप करीन अशी धमकी' देऊन पैसे उकळल्याच्या बातम्या सोडू नका. फिर्यादीच्या घाबरटपणात बरंच दडलेलं असतं. दैनिकात आरोपीचं नाव आणि गुन्हेपत्रात नुसतं 'एक सभ्य गृहस्थ' असं आलं, तर दोन्ही बातम्या शेजारी ठेवून वाचा.

आणि निकालानंतर माणूस कुठे गेला ते गुन्हेपत्रात शोधू नका. निर्दोष माणसात त्यांना रस नसायचा. बोल्टन मला पुढे सापडला तो नाटक-तमाशांच्या मजकुरात. नाव घेतलं होतं अर्नेस्ट बाइन. भावाला जोडीला घेऊन गावोगाव खेळ करत होता, आणि स्त्रीभूमिका पूर्वीसारख्याच.